संथ गिरकी

भोवरा वेगात असतो तोवर ताठ उभा राहतो. वेग सरला की डुलू लागतो आणि आडवा होतो. बॅले नृत्यातील 'प्रॉमनाद' ही गिरकी नर्तकीकडून नेमके याच्या उलट मागते. या फ्रेंच शब्दाचा अर्थ फेरफटका. एका पायावर उभे राहून, दुसरा पाय मागे उचललेला तसाच ठेवून, नर्तकीने सावकाश स्वतःभोवती फिरावयाचे. एका फेऱ्यास आठ मात्राही लागतात. वेगवान गिरकी निमिषात आटोपते. तोल ढळू लागला तरी तो दिसण्यापूर्वीच ती पुरी झालेली असते. संथ गिरकीत ही सवलत नाही.

आम्हांस कथ्थकच्या चक्रांची सवय. चक्रे मोजावयाची, समेवर टाळी द्यावयाची! त्यामुळे या संथपणातील कष्ट आपल्या नजरेस चटकन येत नाहीत.

सारी करामत टाचेत आहे. भार चवड्यावर घेऊन टाच जमिनीवरून जेमतेम सुटेल इतकी उचलावयाची आणि तिळातिळाने सरकवावयाची. ही सरक प्रेक्षकांस दिसता कामा नये. मूर्तीखालचा पाटच कोणी फिरवीत आहे असे वाटले पाहिजे. नवशिकी मुलगी हटकून खांद्याने ओढ घेते, आणि मग धड पुढे जाते, मागचा पाय मागेच राहतो. जलद गिरकीत नर्तकी दृष्टी एका बिंदूवर रोखून मान झटक्याने फिरविते. येथे मान धडाबरोबरच फिरते, म्हणून समोरची भिंत सारखी सरकत राहते आणि डोळ्यांना आधार उरत नाही.

उभ्या पायाच्या दिशेने फिरताना टाच पुढे येते. उलट दिशेस ती मागे जाते, आणि बाहेर वळविलेला पाय आत मिटू पाहतो. हा फेरा आम्हांस अधिक अवघड वाटतो. पायाचे हे बाहेर वळणे खुब्यातून व्हावयास हवे. ते पाऊल रेटून साधू गेल्यास गुडघा पिळवटतो. चित्रफिती पाहून घरच्या फरशीवर प्रयोग करणाऱ्या मुलींच्या आयांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे. हा धडा शिक्षिकेच्या नजरेखालीच गिरवावा.

मागचा पाय गुडघ्यात वाकवून उचलण्याच्या पवित्र्यास 'आतित्यूद' म्हणतात. इटालियन नृत्यगुरू कार्लो ब्लासिस याने त्याचे नाते जॉव्हान्नी दा बोलोन्या या शिल्पकाराच्या मर्क्युरीच्या पुतळ्याशी जोडले होते. तो पुतळा एका पायावर उभा आहे खरा. पण त्याला फिरावयाचे नाही.

या गिरकीची कसोटी 1890 साली सेंट पीटर्सबर्ग येथे प्रथम रंगभूमीवर आलेल्या 'स्लीपिंग ब्यूटी'त पाहावी. संगीत चायकोव्हस्कीचे, नृत्यरचना पेतिपा याची. राजकन्या अरोराचा वाढदिवस. चार राजपुत्र तिचा हात मागावयास आलेले. ती पायाच्या बोटांच्या टोकावर, आतित्यूदमध्ये उभी. एक राजपुत्र तिचा हात धरून तिच्याभोवती चालतो, तशी ती फिरते. फेरा पुरा होताच ती हात सोडते, क्षणभर निराधार उभी राहते, आणि मग दुसऱ्याचा हात घेते. असे चार वेळा!

येथे फिरविणारा पुरुष आहे, म्हणजे काम हलके झाले असे कोणी समजू नये. त्याने आपले वर्तुळ तसूभर आत वा बाहेर टाकले की ओढ थेट तिच्या घोट्यात उतरते. तिनेही त्याच्या हातावर भार टाकावयाचा नाही, कारण तो हात आता सुटणार आहे. मुख्य नर्तकीच्या मनगटाकडे या वेळी निरखून पाहावे. थरथर असलीच तर तेथे दिसते; चेहऱ्यावर तर हसू असते.