चौकोन जोडताना

क्रोशाचे लोकरी चौकोन हौसेने विणले जातात; जोडायची वेळ आली की कंटाळा येतो. मग पिशवी कपाटात पडून राहते. आमच्याकडेही होती. सासूबाई नातवासाठी विणायला बसल्या आणि 40 चौकोन मागे ठेवून गेल्या. उरलेले 23 नणंदेने आणि मी पुरे केले. तीन हात, तीन तऱ्हा! तसेच जोडले असते तर पांघरुणाला चुण्या पडल्या असत्या.

यावर उपाय आहे. शेवटची फेरी सगळ्या चौकोनांना एकाच हाताने, एकाच सुईने, एकाच रंगात घालावी. लहान पडलेल्या चौकोनाला खांब, मोठ्याला मुके खांब. मात्र चारही बाजूंची संख्या सारखी हवी. मग ते ओले करून, 4 इंचांवर टाचण्या लावून सपाट वाळवावेत. अ‍ॅक्रिलिक लोकरीवर इस्त्री टेकवू नये.

सुलट बाजू समोरासमोर धरून, टाक्याला टाका जुळवून मुक्या खांबांनी जोडावे. आधी सर्व आडव्या शिवणी, मग उभ्या. चार कोपरे मिळतात तेथे एक साखळी घालून पुढे जावे, म्हणजे भोक राहत नाही. धागा ओढू नये. सात-सातच्या नऊ ओळी जोडल्या की 28 बाय 36 इंचांचे बाळाचे पांघरूण होते.

आमचे तसेच झाले. कडा सारख्या आल्या. पण मधली घट्ट वीण हाताला लागली, की सासूबाईंचा चौकोन अजून ओळखू येतो. तो पुसला गेला नाही, हेच बरे.