प्रवेशानंतरची परीक्षा

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात महाविद्यालयीन शिक्षणाची अडचण आज प्रवेशापेक्षा प्रवेशानंतरच्या तीन वर्षांत जास्त आहे. तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे, नंदुरबारला त्याहून अधिक पर्याय आहेत, आणि कला शाखेत तरी बारावी झालेल्याला जागा मिळण्यास फारशी मारामार पडत नाही. पण जून-जुलैत हजेरीपटावर चढलेली नावे तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत तशीच राहतात का, हा खरा प्रश्न आहे. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते, आणि साक्षरता जेमतेम ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. नवापूर हा संपूर्ण तालुका पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतो. इथून महाविद्यालयात येणारी मुले-मुली बहुतेक वेळा घरातली पहिलीच शिकणारी पिढी असते. अर्ज कसा भरायचा, कोणता दाखला कुठून आणायचा, पैसे अडले तर कोणाला भेटायचे, हे सांगणारे घरात कोणी नसते. त्यामुळे शिकवण्याइतकेच शिकणाऱ्याला धरून ठेवणाऱ्या सोयींना इथे महत्त्व आहे.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. या राज्यात बहुजनांचे उच्च शिक्षण उभे राहिले ते वसतिगृहांच्या आधाराने. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली, साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणले आणि ‘कमवा व शिका’ ही रीत घालून दिली. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, ती खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय व्हावी म्हणून. ज्याच्या दोन वेळच्या जेवणाची आणि डोक्यावरच्या छपराची तजवीज झालेली नाही त्याला नुसत्या फी माफीने शिकवता येत नाही, हे या मंडळींनी ओळखले होते.

आज ही जबाबदारी मुख्यतः सरकारकडे आहे. आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे राज्यभर आहेत आणि नवापूरचे विद्यार्थी नंदुरबारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेत येतात. अर्ज जास्त आणि जागा कमी, हे वसतिगृहांचे जुने दुखणे. त्यात २०१८मध्ये मोठ्या शहरांतील आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या वसतिगृहांमधली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात देण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध त्याच वर्षी जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्यांचे म्हणणे साधे होते. खात्यात पैसे उशिरा येतात, भूक मात्र वेळेवर लागते. ठेकेदाराच्या जेवणाबद्दल तक्रारी होत्या हेही खरे, पण त्यांवर उपाय म्हणून परक्या शहरात सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला खानावळ शोधायला लावणे याला सुधारणा म्हणता येत नाही.

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तीत निवास, भोजन आणि निर्वाह यांसाठी रोख रक्कम मिळते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ती वर्षाला ६० हजार रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये ठरवण्यात आली. कल्पना चांगली आहे. वसतिगृहाची इमारत उभी राहीपर्यंत मुलांनी वाट पाहत बसू नये हा तिचा हेतू. पण खोलीचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते, आणि अनुदान हप्त्याने, तेही उशिरा आले तर मधले महिने उसनवारीवर काढावे लागतात. उसने देणारा कोणी नसेल तर मुलगा बोजाबिस्तरा आवरून गावी परततो. सरकारी दप्तरात मात्र तो योजनेचा लाभार्थी म्हणूनच राहतो.

तिसरा आधार केंद्र सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना ती मिळते. शुल्काचा भार तिच्यामुळे उतरतो, यात शंका नाही. पण २०१०मध्ये ठरलेल्या दरांनुसार बीए, बीएस्सीच्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता घरून ये-जा करणाऱ्याला महिन्याला ३०० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ५७० रुपये आहे. तीनशे रुपयांत आज महिनाभराचा चहा-वडापावही भागत नाही, मग वह्या-पुस्तके आणि मोबाइलचा रिचार्ज दूरच. शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरायचे आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात यायचे, या पद्धतीने मधल्या हातांना चाप बसला. पण नेट नसलेल्या पाड्यावरच्या मुलाला नेट कॅफेचे दार दाखवले.

या साऱ्या योजनांचे दार उघडते कागदपत्रांच्या पिशवीने. आधार कार्ड, बँक पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, प्रांताधिकाऱ्यांचे जातीचे प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, महाविद्यालयाचे बोनाफाईड, शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. एका कागदावर ‘गावित’ आणि दुसऱ्यावर ‘गावीत’ असले तरी अर्ज अडकू शकतो. ‘वळवी’चे ‘वलवी’ झाले की तेच. बँक खाते आहे पण आधारशी जोडलेले नाही, म्हणून मंजूर झालेली रक्कम लटकते. जात पडताळणी हा याहून कठीण घाट. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०पूर्वीचा पुरावा ग्राह्य धरला जातो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याला त्यात मोठे वजन. ज्या घरात आजोबा शाळेत गेलेच नाहीत, त्या घराने कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी नाहीतर महसुली नोंदी धुंडाळायच्या. पडताळणी समिती नंदुरबारला आहे, ही त्यातल्या त्यात सोय.

नवापूरच्या बाबतीत एक अडचण सीमेची आहे. इथल्या रेल्वे स्थानकाचा फलाटच अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. पलीकडच्या उच्छल-सोनगड भागाशी इथल्या कुटुंबांचे रोटी-बेटीचे व्यवहार आहेत, कामधंद्यासाठी येणे-जाणे तर रोजचेच. पण जमातींची यादी राज्यनिहाय असते आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी मूळ ज्या राज्याचा, त्या राज्याने द्यायची असते. बारावी एका राज्यात आणि पदवी दुसऱ्या राज्यात करणाऱ्याला स्थलांतर प्रमाणपत्रापासून सुरुवात करावी लागते. दोन्हीकडच्या कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे आणि विद्यार्थ्याने हेलपाटे घालायचे, असे होऊ नये म्हणून सीमेवरच्या तालुक्यांसाठी लेखी मार्गदर्शक सूचना हव्यात.

प्रवासाच्या सवलती त्या मानाने बऱ्या आहेत, पण त्यांची माहिती सर्वांना नसते. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. पदवीला प्रवेश घेतला की ही सवलत संपते. खांडबारा, चिंचपाडा ही गावे सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहेत, आणि घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत आहे. एसटी महामंडळाने जून २०२५पासून शाळा-महाविद्यालयांतच पास देण्याची मोहीम घेतली, तीही स्वागतार्ह. मात्र पास खिशात असून भागत नाही, गाडीही वेळेवर हवी. विज्ञान शाखेचे प्रात्यक्षिक संपण्याआधी गावाकडची शेवटची गाडी निघून जाणार असेल, तर मुलगी प्रात्यक्षिक सोडते आणि दोन-चार वेळा असे झाले की घरचे तिला महाविद्यालयच सोडायला लावतात. नवापूरला एसटीचे आगार आहे. आगारप्रमुख आणि प्राचार्य यांनी वर्षाच्या सुरुवातीला एकत्र बसून वेळापत्रक जुळवले, तर सरकारी तिजोरीतून एक रुपयाही न घालता काही मुलींचे शिक्षण वाचेल.

आरोग्याची बाजू तर बहुधा दुर्लक्षितच राहते. सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासींमध्ये सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजाराच्या वेदनांनी विद्यार्थी आठवडा-आठवडा अंथरुणाला खिळतो, हजेरी कमी भरते, आणि हजेरीवर अवलंबून असलेल्या सवलती हातच्या जातात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वात केला आहे, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. प्रवेशाच्या वेळीच रक्ततपासणीची माहिती घेऊन अशा विद्यार्थ्यांच्या हजेरीचा वेगळा विचार करणे महाविद्यालयांना जमण्यासारखे आहे. मनाच्या आजारांसाठी ऑक्टोबर २०२२पासून ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे आणि तीवर मराठीत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर ठळक लिहायला हवा.

पोटासाठी होणारे स्थलांतर हे गळतीचे आणखी एक कारण. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि इतर कामांना गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांतली हाताशी आलेली मुले मागे राहणे घराला परवडत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात याला थोडे उत्तर आहे. एक वर्ष पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि मिळवलेले श्रेयांक जमा ठेवून तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभा, अशी ही रचना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३पासून अमेरिकेच्या धर्तीवर आणलेल्या कम्युनिटी कॉलेज योजनेचा आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचाही हेतू असाच, काम करत शिकणाऱ्याला वाट मोकळी ठेवण्याचा. मात्र बाहेर पडण्याची सोय जितकी सोपी केली आहे तितकीच परत येण्याची करावी लागेल. गेलेल्याला फोन करून बोलावणारे कोणी नसेल, तर सोडून जाण्याला प्रतिष्ठित नाव मिळाले, इतकेच या तरतुदीचे फलित ठरेल.

परदेशातला एक अनुभव इथे उपयोगी पडतो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत गरीब विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्यात शुल्कातली तूट भरून देणे, पाठ्यपुस्तकांचा खर्च, बस-मेट्रोचा मोफत पास आणि थोड्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला, वरचेवर भेटणारा सल्लागार, हे सारे एकत्र दिले गेले. कार्यक्रमातल्या आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांची शास्त्रशुद्ध तुलना केली तेव्हा तीन वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेल्याचे आढळले. पुढे ओहायो राज्यातही तसाच परिणाम दिसला. पैसा, प्रवास, पुस्तके आणि मार्गदर्शन यांतले एकेक सुटे देऊन जे साधत नाही, ते चारही एका ठिकाणी मिळाल्याने साधले.

नवापूरसाठी यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. इथे योजनांची वाण नाही. त्या एकत्र आणून विद्यार्थ्याच्या हाती देणारा माणूस मात्र कुठल्याच योजनेत नाही. प्रत्येक महाविद्यालयात पूर्णवेळ साहाय्य कक्ष हवा आणि त्याची जबाबदारी शिकवण्याच्या तासांवर वरकड म्हणून प्राध्यापकाच्या गळ्यात मारलेली नसावी. मावची, भिली, कोकणी बोलणारे वरच्या वर्गातले विद्यार्थी ‘कमवा व शिका’ योजनेतून या कक्षात घेतले, तर त्यांना कमाई होईल आणि नवख्यांना आपल्या बोलीत सांगणारे मिळेल. प्रवेशाच्या हंगामात प्रकल्प कार्यालय, तहसील, बँक आणि एसटी यांची एकत्र शिबिरे महाविद्यालयाच्या आवारात भरवावीत. सलग पंधरा दिवस गैरहजर राहिलेल्याच्या घरी कक्षातून फोन गेलाच पाहिजे. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींच्या कायद्याखाली येणाऱ्या ग्रामसभांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि त्याच्या वापरात शिक्षणाचा समावेश आहे. त्यातून मोठ्या गावांत वीज आणि इंटरनेट असलेली अभ्यासिका उभी राहू शकते. निर्वाह भत्त्याचे दर महागाईशी जोडणे आणि स्वयम् योजनेचे हप्ते सत्र सुरू होण्याआधी जमा करणे हे मात्र सरकारचे काम, आणि ते सरकारनेच करायला हवे. महाविद्यालयाचे मूल्यमापन करतानाही पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले हा आकडा विचारला जावा. तो दरवर्षी जाहीर करण्याचे बंधन घातले, तर कोणता आधार कुठे तोकडा पडतो हे शोधण्यासाठी वेगळी समिती नेमावी लागणार नाही.