शाळेच्या कपाटाची किल्ली

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा २०११ च्या जनगणनेत साक्षरतेच्या बाबतीत राज्यात सर्वांत मागे होता. प्रमाण होते सुमारे ६४ टक्के. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने २००९ मध्येच प्रत्येक शाळेत ग्रंथालय अनिवार्य केले. पुढे समग्र शिक्षा योजनेत शाळांच्या ग्रंथालयांसाठी वार्षिक अनुदानाचीही तरतूद झाली. म्हणजे पुस्तकांची सोय कागदावर तरी झाली आहे. त्या पुस्तकांतून आपल्याला हवे ते कसे शोधावे, हे पहिली ते पाचवीच्या मुलाला कोण शिकवणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पदच नसते.

परिणामी पुस्तके लोखंडी कपाटात राहतात. यात शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. पुस्तकाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते आणि एखादे हरवले तर तपासणीच्या वेळी उत्तर त्यालाच द्यावे लागते. ज्या पुस्तकाची पाने कोणी उलटलीच नाहीत, ते कधी हरवत नाही! वास्तविक केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, वर्षभरात हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची तूट स्वाभाविक मानली आहे. अट एवढीच की ती अप्रामाणिकपणामुळे वा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. हीच मोकळीक दोनशिक्षकी शाळेला निःसंदिग्ध शब्दांत मिळाली, तर कपाटाचे कुलूप निघण्यास मोठी मदत होईल.

कुलूप निघाल्यावर खरे काम सुरू होते. मुखपृष्ठावरील लेखकाचे नाव, अनुक्रमणिका, शेवटची सूची, शब्दकोशातील अकारविल्हे क्रम या गोष्टी मोठ्यांना इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की त्या शिकाव्या लागतात याचेच विस्मरण होते. मुळाक्षरे घडाघडा म्हणणारे मूलही कोशापुढे अडखळते. तक्त्यावर शेवटी असणारा 'क्ष' अनेक कोशांत 'क'च्या पोटात सापडतो आणि 'ज्ञ' 'ज'च्या. हे कोणी दाखवल्यावाचून कसे कळावे? सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहून आलेल्या मुलाला 'घोडा' हा शब्द सूचीत शोधू द्यावा, त्या पानापर्यंत पोहोचू द्यावे. एकदा स्वतः शोधून सापडले, की दुसऱ्यांदा ते कोणाला विचारणार नाही.

भिली, पावरी, मावची बोलणारे मूल मराठी शाळेत पाऊल ठेवते, तेव्हा छापील भाषा त्याला परकी असते. वर्गीकरण मात्र परके नसते. धान्य कुठे, मडकी कुठे, कोंबड्या कुठे, हे त्याला आठवडे बाजारात कोणी सांगावे लागत नाही. ड्युईच्या दशांश पद्धतीचे आकडे त्याच्या माथी मारण्याऐवजी प्राण्यांच्या पुस्तकांवर एक रंग, गोष्टींवर दुसरा, अशा पट्ट्या मुलांकडूनच चिकटवून घ्याव्यात. वाद होतील. वाघाची गोष्ट प्राण्यांत ठेवायची की गोष्टींत? तो वाद हाच वर्गीकरणाचा पहिला धडा होय.

या कल्पनेसाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. नवापूरच्या सीमेपलीकडचे सोनगड हे गायकवाडांचे जुने ठाणे. त्याच घराण्यातील सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी तज्ज्ञाला पाचारण करून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. तेथून लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जात, आणि बडोद्यात मुलांसाठी स्वतंत्र विभागही होता. स्वतंत्र महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. आज तालुक्याच्या गावी अनुदानित वाचनालये आहेत. त्यांच्या ग्रंथपालाने महिन्यातून एक दिवस शेजारच्या शाळेत जावे, एवढे शिक्षण विभागाला सहज जमण्यासारखे आहे. इच्छा मात्र हवी.

सर्वांत अधिक गरज आश्रमशाळांना आहे. तेथील मुले शाळा सुटल्यावर घरी जात नाहीत. संध्याकाळ ते रात्रीच्या जेवणापर्यंतचा वेळ त्यांच्याजवळ असतो, आणि नेमका त्याच वेळी पुस्तकांचा ताबा असलेला शिक्षक कामावर नसतो. देवघेवीची वही चौथी-पाचवीच्या दोन मुलांकडे आणि किल्ली अधीक्षकाकडे, ही व्यवस्था करण्यास कोणत्याही नव्या अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही.