वीज चालते, मग इंटरनेट का नाही?

'सरकारने धंदा करू नये' हे वाक्य आपल्याला इतक्या वेळा ऐकवले गेले आहे की आता त्याला कुणी पुरावाच मागत नाही. मी मागतो. हे वाक्य कायद्यात उतरले की काय होते, याचा नमुना अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात आहे.

तिथे विल्सन नावाचे शहर आहे. वीजवितरण शहराच्या मालकीचे. वेगवान इंटरनेट द्या म्हणून पालिकेने आधी खासगी कंपन्यांनाच विनवले, पण त्यांना त्यात रस नव्हता. शेवटी 2008 साली पालिकेने 'ग्रीनलाईट' हे स्वतःचे फायबर जाळे सुरू केले आणि ते चालले. मग काय, कंपन्यांना एकदम 'समान स्पर्धे'ची आठवण झाली! 2011 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून पालिकांवर इतक्या अटी लादल्या की नवे कुणी या वाटेला जाऊ नये. गव्हर्नर बेव्ह पर्ड्यू यांनी त्यावर ना सही केली, ना नकाराधिकार वापरला. कायदा आपसूक लागू झाला. विल्सनला सूट मिळाली, पण स्वतःच्या काउंटीच्या हद्दीपुरतीच.

हद्दीपलीकडे पाईनटॉप्स हे जेमतेम तेराशे वस्तीचे गाव आहे. बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय. गंमत अशी की या गावाला वीज विल्सनचीच येते! म्हणजे तारेतून वीज आली तर ती नागरी सेवा आणि इंटरनेट आले तर घुसखोरी. फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने हा कायदा बाजूला सारला आणि पुढच्या वर्षी पाईनटॉप्सला फायबर मिळाले. ऑगस्ट 2016 मध्ये अपील न्यायालयाने आयोगाला तसा अधिकारच नाही असे ठरवले. सेवा वाईट होती असे न्यायालय म्हणाले नाही. तो मुद्दाच नव्हता. 2017 मध्ये विधिमंडळाने मेहेरबानी केली, पण खासगी कंपनी आली की विल्सनने गाशा गुंडाळायचा, या अटीवर.

दोन स्थानिक संस्थांनी आपापसांत, आपल्या लोकांसाठी, राजीखुशीने केलेला व्यवहार होता हा. त्यात तिसऱ्याचा नफा घटनात्मक हक्कासारखा जपला गेला.

विरोधक म्हणतात, पालिका बुडाली तर करदात्याचा पैसा जातो. हा आक्षेप खोटा नाही. युटा राज्यातल्या 'यूटोपिया' जाळ्यासाठी 11 शहरांनी विक्रीकर तारण ठेवला आणि कित्येक वर्षे कर्जाचे ओझे वाहिले. पण चुकलेल्या नगरसेवकाला मतदार घरी बसवतात. कंपनीच्या संचालकाला कोण बसवणार? शिवाय तिथे केबल शहरांची असली तरी तिच्यावरून सेवा विकतात त्या खासगी कंपन्याच. तेव्हा 'समाजवाद आला हो' ही ओरड निदान तिथे तरी फुकटची आहे.

हे दूर देशाचे भांडण आहे, असे समजू नका. कंपनी गिऱ्हाईक बघून येते. आपल्या मोहल्ल्यांत नळ आणि गटार सगळ्यांत शेवटी का पोहोचतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा एका मोबाईलवर तीन-तीन भावंडे वर्ग करत होती. त्याच वर्षी टेनेसीतल्या चॅटानूगा शहराच्या सार्वजनिक वीजसंस्थेने गरीब घरांतल्या सुमारे 28,000 विद्यार्थ्यांसाठी मोफत इंटरनेटची योजना सुरू केली. जाळे स्वतःचे होते म्हणून ते जमले.

आपल्याकडे ऑक्टोबर 2011 मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली. 2015 पासून तिला 'भारतनेट' म्हणतात. पैसा जनतेचा, मालकी दिल्लीची. पंचायतीच्या वाट्याला काय आले? भिंतीवरची एक पेटी. 73व्या घटनादुरुस्तीच्या नावाने भाषणे ठोकणारे आमदार-खासदार यावर चकार शब्द काढत नाहीत. गावातले फायबर चालू आहे का, बंद असेल तर दुरुस्ती कुणाकडे, शेजारच्या दोन पंचायतींनी मिळून ते घरोघर न्यायचे म्हटले तर परवानगी कुणाची, हे प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.