दोन मिलिमीटरचा हिशेब
साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' बनायची, त्या काळी इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रीला एक घोर कमी होता: टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नसतात, मग पिस्टन धडकणार कशाला? आजच्या फोर-स्ट्रोक बाइकचं तसं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली आणि कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. असं पाणी शिरलेलं इंजिन उघडलं की कुणी हेडला फेसिंग मारून घेतं, हौशी मंडळी पिस्टन नि कॅमही बदलतात. त्यानं पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर बदलतं, ते बघायचं मात्र राहून जातं. खरं तर काम सोपं आहे. पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हच्या खाचांत, मुलांच्या खेळातली क्ले थापायची, व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावायचं, गॅस्केटसह हेड टॉर्कवर आवळायचं आणि टायमिंग जुळवून क्रँकला हातानं सावकाश दोन फेरे द्यायचे. अडलं तर जोर लावायचा नाही. मग हेड काढून क्ले ब्लेडनं कापायची नि सर्वांत पातळ जागा व्हर्नियरनं मोजायची. कंपनीचा आकडा हाताशी नसेल तर इनटेकला 2 आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर, हा जुना ठोकताळा. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून वाढतो आणि वर येणारा पिस्टन त्याच्या पाठीच लागलेला असतो. खंबाटकी घाट उतरताना चुकून दोन गिअर खाली पडले की इंजिन भलतंच पळतं, स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मिटवता येत नाही. तेव्हा हेच अंतर गाडी वाचवतं. वाकलेला व्हॉल्व्ह नि फुटलेला पिस्टन यांच्या बिलापुढे क्लेची कांडी फुकटच. इंजिन बांधायला देताना मिस्त्रीच्या हातात आधी ती ठेवा.