जगाचा ताप आणि सरीतील पाचट

पृथ्वीचे तापमान वाढत आहे आणि पावसाचा भरवसा कमी होत आहे, ही वार्ता आता शेतकरी बंधूंना नवी राहिलेली नाही. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटांवर त्याची नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हे प्रमाण ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. हे आकडे खरे आहेत. परंतु उद्या सकाळी शेतावर जाऊन काय करावे, हे त्यांवरून शेतकऱ्यास कळत नाही. उलट, संकट जितके मोठे करून सांगावे तितका ऐकणारा हतबल होतो आणि "एवढ्या मोठ्या जगात माझ्या दोन एकरांनी काय होणार?" असे म्हणून स्वस्थ बसतो.

हा प्रश्न रास्त आहे. हवेतील ही वाढ मुख्यतः कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे झाली आहे. त्या दोषात अल्पभूधारकाचा वाटा अत्यल्प आहे. त्याच्या एकट्याच्या कष्टाने पृथ्वी थंड होईल, असे आश्वासन कोणीही देऊ नये. तथापि या संकटाचा जो अंश आपल्या बांधाच्या आत आहे, त्याचे काय करावे हे सर्वस्वी आपल्या हाती असते. ऊस पिकविणाऱ्या गावात हा अंश पाचटाच्या रूपाने समोर पडलेला असतो.

एक हेक्टर उसाच्या तोडणीनंतर सुमारे आठ ते दहा टन पाचट शेतात राहते. त्यात शेकडा ३२ ते ४० भाग सेंद्रिय कर्ब आणि शेकडा सुमारे अर्धा भाग नत्र असतो. आठ टनच पाचट धरले, तरी त्यात ४० किलो नत्र, म्हणजे युरियाच्या जवळजवळ दोन गोण्यांइतका ऐवज आहे. काडी लावली की त्यातील बहुतेक नत्र व कर्ब हवेत निघून जातो, जमिनीच्या वरच्या थरातील उपयुक्त जिवाणू होरपळतात आणि बांधावरील झाडेही पुष्कळदा जळतात. मागे राहते ती राख. जगाची हानी आणि घरची हानी अशी एकाच काडीने होते.

पाचट कुजविल्याने त्यातील सर्व कर्ब जमिनीतच राहतो, असे मात्र नव्हे. कुजताना त्याचा मोठा भाग हवेत परत जातो, थोडाच भाग ह्यूमसच्या रूपाने टिकतो. नत्रही एकदम न मिळता हळूहळू पिकास लागू पडते. पण पाचटाच्या आच्छादनाने ओल टिकते, तण दबते आणि दरवर्षी थोडा थोडा साठणारा सेंद्रिय अंश जमिनीस भुसभुशीत करतो. पावसाचा खंड लांबला असता अशीच जमीन पिकास तग धरू देते.

शेतकरी पाचट जाळतो ते आळसाने नव्हे. पाणी पुढे सरकत नाही, उंदीर माजतात, खोडवा दबतो, मजूर मिळत नाहीत, या त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. त्यांवर उपाय आहेत. पाचट एका आड एक सरीत बसविले तर मोकळ्या सरीतून पाणी चालते. बुडख्यांवरील पाचट बाजूला करून बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटले असता फुटवे जोमदार येतात. उंदरांवर मात्र लक्ष ठेवावेच लागते. जेथे पाण्याचा निचरा होत नाही, अशा जमिनीत आधी चर काढावेत.

म्हणून गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे की, सभेत सबंध जगाचा नकाशा टांगण्यापेक्षा शेतकऱ्याकडे दहा गुंठे मागावेत. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू-संवर्धक या प्रमाणाने दहा गुंठ्यांस ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो संवर्धक पुरते. ही सामग्री सरीतील पाचटावर पसरून पाणी द्यावे व ओल्या मातीशी पाचटाचा संबंध येईल असे ते पायाने दाबावे. उरलेल्या शेतात शेतकऱ्याने यंदा आपल्या रीतीने करावे. दोन पाण्यांत किती दिवसांचे अंतर पडले, खुरपणीस किती मजूर लागले आणि खते किती घातली, एवढे तीन आकडे दोन्ही तुकड्यांचे वहीत लिहून ठेवावेत. आपल्या शेतातील आकड्यावर शेतकऱ्याचा जो विश्वास बसतो, तो कोणत्याही व्याख्यानाने बसत नाही.

अल्प वाट्यांतून मोठे कार्य उभे राहते, हे महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यास शिकवावे लागत नाही. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तो विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली लहान लहान शेतकऱ्यांनी गोळा केलेल्या भागभांडवलावर. आज राज्यात बारा ते पंधरा लाख हेक्टरांवर ऊस असतो. हेक्टरी आठ टनांनी त्याचे पाचट एक कोटी टनांच्या घरात जाते. तेवढे पाचट कोणी एक शासन वा एक पुढारी सरीत घालू शकणार नाही. ते ज्याचे त्यानेच घालावयाचे आहे.

येत्या तोडणीच्या हंगामात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील पाच शेतकऱ्यांची गाठ घ्यावी आणि त्यांच्याकडून दहा दहा गुंठे मागून घ्यावेत. हे काम सव्वा एकराचे आहे. ते पुरे करून वर्षअखेर पाचही वह्या चावडीवर उघडाव्यात.