झरोके बुजवू नका

बेळगावकडे नाताळ जवळ आला की गारठा वाढतो आणि आमच्या टपालाचा सूरही पालटतो. उन्हाळ्यात वाचक वारा कसा आणावा हे विचारतात. डिसेंबरात तो कसा अडवावा हे विचारू लागतात. या खेपेस आलेल्या पत्रांपैकी चार आम्ही निवडली आहेत. त्यांतील चौथे एका मातेचे असून ते मुद्दाम शेवटी घेतले आहे. वाचकांनी ते वाचल्यावाचून पान उलटू नये, अशी विनंती आहे.

पहिला प्रश्न एका गृहिणीचा. मोरी रोज फिनेलने धुऊनही, गावाहून परतल्यावर घरात गटाराचा दर्प का भरलेला असतो?

मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप बसवलेला असतो. त्याच्या वाकणात सुमारे दोन इंच पाणी सदैव साचून राहते. ते पाणी म्हणजेच गटार आणि घर यांमधील दार होय. वाकड्या नळीची ही युक्ती जुनी आहे. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली आपल्या शौचकूपाच्या एकस्वात ती योजली होती. घर बरेच दिवस बंद राहिले की ते पाणी आटते आणि दार उघडे पडते. उपाय फिनेलचा नव्हे, तांब्याभर पाण्याचा आहे. मात्र घरात दुसरीकडे बादली ओतताच मोरी गुडगुडत असेल आणि ट्रॅपचे पाणी ओढले जात असेल, तर हवेची उभी नळी तुंबली आहे का, हे प्लंबरकडून पाहून घ्यावे.

दुसरा प्रश्न त्या नळीविषयीच आहे. सेप्टिक टाकीची जी नळी गच्चीवर उघडी सोडलेली असते, तिच्यातून डास येतात. तिचे तोंड सिमेंटने बंद करावे काय?

मुळीच करू नये. टाकीत मैला कुजताना मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. पहिला ज्वालाग्राही, दुसरा विषारी. त्यांना बाहेर पडण्यास वाट हवीच. नळीच्या तोंडावर नायलॉनची बारीक जाळी घट्ट बांधावी आणि फाटली की बदलावी, म्हणजे डास अडतील व वायू जाईल. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी असते हे खरे. पण त्याचे प्रमाण फार वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणून वास थांबला तर संकट टळले, असे समजून टाकीत कोणी डोकावू नये, मग उतरणे तर दूरच.

तिसरे पत्र एका तरुणाचे. सकाळी मोटार चालू केली की सायलेन्सरमधून पाणी ठिबकते. इंजिन बिघडले की काय?

नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. थंड नळीत ती निवते आणि ठिबकते. नळी तापली की ठिबकणे थांबते. निळसर धूर मात्र इंजिनात ऑइल जळत असल्याची खूण आहे आणि काळा धूर इंधन पुरते जळत नसल्याची. पण या वाचकाने ओघात लिहिले आहे की, थंडीमुळे ते शेडचे दार लावूनच इंजिन तापवतात. ही सवय त्यांनी आजच सोडावी. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-सहा नियमांनुसार असतात हे खरे. पण धूर शुद्ध करणारे त्यांतील यंत्र थंड असताना पुरते काम करीत नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास रंग नाही, वास नाही.

आता चौथे पत्र. एक माता लिहितात, "धाकटी मुलगी स्नानास गेली की तिचे डोके दुखते, मळमळते. दोनदा भोवळ आली. अशक्तपणा म्हणून टॉनिक चालू आहे." पुढे एका ओळीत त्या सांगतात की, दिवाळीत स्नानगृहात गॅसचा गिझर बसवला आणि गारवा येतो म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांना पुठ्ठा लावला.

हे उत्तर छापून येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. पत्र वाचताच दूरध्वनी केला. कारण गेल्या हिवाळ्यात एका वृद्ध पाहुण्यांना थंडी बाधू नये म्हणून आमच्याच निवासातील स्नानगृहाचा झरोका आम्ही स्वहस्ते बुजवला होता. ते भिंत धरून बाहेर आले तेव्हा आम्हीही वयाला आणि प्रवासाला दोष दिला. गिझर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने पुठ्ठा काढून आमच्या हाती दिला, तेव्हा आम्ही खजील झालो.

कोंडलेल्या खोलीत प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. सिलिंडरमधील गॅस गळला तर त्यात मिसळलेल्या द्रव्यामुळे दर्प येतो. या वायूचा मात्र येत नाही. इंग्लंडमधील खाणकामगार त्याची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी सोबत नेत असत, आणि ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली होती.

म्हणून गॅसचा गिझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि केवळ पाण्याची नळी आत आणावी. तोवर पाणी बादलीत भरून घ्यावे, गिझर बंद करावा आणि मगच दार लावावे. केवळ पंखा लावून भागत नाही. ताजी हवा आत येण्यासही वाट हवी. कोणास भोवळ आलीच तर प्रथम मोकळ्यावर आणावे, गॅस बंद करावा आणि रुग्णालयात नेताना गिझरची गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी. ती सांगितली नाही, तर अशक्तपणाचेच औषध मिळण्याचा संभव असतो.

त्या मुलीचा पुठ्ठा त्याच सायंकाळी निघाला, गिझर बंद ठेवला गेला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सर्व हकिकत कळवण्यात आली. आपल्या घरी कोठे पुठ्ठा, चिंधी वा जुने वर्तमानपत्र कोंबलेले असेल, तर ते आज दिवेलागणीपूर्वी काढावे. गारठ्यासाठी घोंगडी आहेच.